दक्षिणेकडे पाय

दिवाळीत तुम्ही कॅरॅव्हॅन घेऊन गेला होतात ना, असं विचारणारे अजून भेटतात. लिफ्टमध्ये भेटतात, भाजीवाल्यापाशी भेटतात, घाटकोपरच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथं पुस्तक परत करायच्या निमित्ताने टेबलाशी रेंगाळतात. त्यांनाही कुठंतरी जायचं असतं आणि एवढंच जाणून घ्यायचं असतं, की चाकांवरचं घर भाड्यानं घ्यावं की एखादी लाकडी कॉटेज. "दोन्ही बरं आहे," म्हणून मी वेळ मारून नेते. खरं उत्तर लिफ्टमध्ये मावणारं नाही, म्हणून इथं सावकाश लिहिते आहे.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझा चोवीस वर्षांचा मुलगा निनाद आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी लग्नापासून आईच म्हणते. चौथा माणूस, अविनाश, फेब्रुवारीत गेला. आजारी नव्हता. रात्री मी उशाशी दिवा लावून वाचत होते. "झोप आता," तो म्हणाला. "पाच पानं राहिलीत," मी म्हटलं. पाच पानं वाचून दिवा मालवला आणि झोपले. सकाळी चहा झाल्यावर त्याला हाक मारायला गेले, तेव्हा त्याचा हात गार होता. तो कधी गेला हे मला ठाऊक नाही. मी एका हाताच्या अंतरावर होते आणि मला ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून मी झोपलेल्या माणसांना भिऊ लागले. रात्री उठते, आईंच्या दाराशी उभी राहते, मग हॉलमध्ये निनादच्या पलंगाशी. छातीवरची चादर वरखाली झालेली दिसली की परत येते. तासाभराने पुन्हा उठते. दिवसा मी व्यवस्थित असते. पुस्तकं लावते, विद्यार्थ्यांशी बोलते. संध्याकाळी ऊन उतरायला लागलं की रात्र किती तासांची ते मोजायला लागते.

मुलुंड, दिवाळीच्या आधी

वर्षाच्या आत सण करायचा नाही. कंदील नाही, रांगोळी नाही, घरात तळण नाही. आमच्याकडे अशा घरी शेजारीपाजारी फराळाची ताटं आणून देतात. रीत चांगली आहे. मीही कितीतरी घरांत अशी ताटं नेऊन दिली आहेत. पण ताटाबरोबर माणूसही येतं, दोन मिनिटं बसतं, भिंतीवरच्या फोटोकडे बघतं आणि हळू आवाजात विचारतं, "झोप लागते ना गं आता?" आमच्या मजल्यावर आमच्याखेरीज चार घरं आहेत. चार ताटं आणि चार वेळा तोच प्रश्न. मला ते झेपणार नव्हतं.

"आपण जाऊ या कुठंतरी," निनाद म्हणाला. त्याने लॅपटॉपवर दोन चित्रं उघडून ठेवली. एकात डोंगराच्या पायथ्याशी उभी असलेली पांढरी कॅरॅव्हॅन. बसएवढी लांब, आत झोपायच्या तीन जागा, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, मागच्या कोपऱ्यात संडास. दुसऱ्यात दगडी जोत्यावर उभं केलेलं लाकडी कॉटेज. दोन खोल्या, मध्ये फळ्यांची भिंत, बाहेर पडवी. जागा एकच होती. भंडारदऱ्याच्या अलीकडे एका शेतकरी कुटुंबाने भातखाचरांच्या कडेला पाहुण्यांची सोय केली होती. कॅरॅव्हॅन मुंबईहून न्यायची आणि त्यांच्या अंगणाशेजारी उभी करायची, नाहीतर त्यांच्या कॉटेजात राहायचं.

मी जुन्या कॅटलॉग कार्डाच्या पाठीवर दोन रकाने केले. भीती वाटली की मी यादी करते. कॉटेजच्या रकान्यात लिहिलं: साप, विंचू, बिबट्या, दवाखाना घोटीला, कुलूप कसं आहे? कॅरॅव्हॅनच्या रकान्यात: कसाऱ्याचा घाट, गॅसचा सिलिंडर, चालत्या गाडीत दार उघडलं तर? दोन्ही रकाने सारखेच भरले. जे कारण होतं ते मी कार्डावर लिहिलं नाही. कॅरॅव्हॅनमध्ये तिघांच्या उशा हाताच्या अंतरावर होत्या. अंथरुणातून न उठता तिघांचा श्वास ऐकता आला असता.

निनादला ते कार्ड न वाचताच कळलं होतं.

"आई, कॉटेज घेऊ," तो म्हणाला. "तुला वेगळी खोली मिळेल. एक रात्र बघ तर खरं."

तो 'एक रात्र' का म्हणत होता हे मला माहीत होतं. त्याला बंगळुरूची नोकरी आली होती. पुण्याला मुलाखत देऊन आला तेव्हा आठ दिवस घरात शीळ घालत फिरत होता. मग एक दिवस म्हणाला, "नको, मुंबईतच बघतो काहीतरी." कंपनीने पुन्हा विचारलं होतं, आणि दिवाळी संपली की त्याला शेवटचं हो किंवा नाही कळवायचं होतं. हे त्याने मला सांगितलं नाही, आईंना सांगितलं. आईंनी मला सांगितलं. रात्री तीनदा उठून आपल्या पलंगाशी उभ्या राहणाऱ्या आईला टाकून मुलगा कसा जाईल? मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. तो बंगळुरूला झोपला तर मी कुठल्या दाराशी उभी राहू, एवढंच डोक्यात यायचं.

आईंचा कॅरॅव्हॅनला वेगळाच विरोध होता. त्या मूळच्या कणकवलीकडच्या. लालबागला गिरणीच्या चाळीत, मग भांडुपला आणि आता मुलुंडला साठ वर्षं काढली, तरी बोलताना मालवणी सुटत नाही. चित्र डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बघितलं.

"चूल आणि संडास एका भितीक?"

"आजी, मध्ये पार्टिशन आहे."

"भांडुपच्या चाळीत संडास पन्नास पावलांवर होतो. पावसात छत्री घेऊन जायचो. पण चुलीशेजारी नव्हतो हो."

"मग कॉटेज," निनाद म्हणाला.

"कॅरॅव्हॅन," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा. निनादने लॅपटॉप बंद केला आणि कॅरॅव्हॅन ठरली.

एकादशी: घाट

गाडी सोसायटीच्या फाटकातून आत येईना. फाटकावर दिव्यांची कमान बांधली होती आणि गाडीचं छप्पर तिला अडत होतं. मग बाहेर रस्त्यावरच उभी केली. चार मजल्यांच्या खिडक्यांतून लोक बघत होते. दुखवट्यातलं घर हे कसलं थाटात निघालंय, असं कुणी मनात म्हणालंही असेल. आईंनी पुढच्या चाकाशी नारळ फोडला, दोन चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी चालवणाऱ्या दिलीपभाऊंना दरडावलं, "हळू घे हां. माझो नातू आत असा."

"काकी, टेन्शन नका घेऊ. दहा वर्षं झाली, एक डास नाही मेला माझ्या गाडीखाली."

"डास चाकाखाली येता खय?" आई म्हणाल्या आणि आत चढल्या.

प्रवासाचं वर्णन करण्यासारखं मी फार काही पाहिलं नाही. मी गॅसच्या सिलिंडरकडे बघत होते. त्याची कळ बंद आहे हे मी शहापूरपर्यंत चार वेळा हात लावून पाहिलं. बाहेर भात पिवळं झालं होतं, कुठं कापणी चालू होती, असं निनाद सांगत होता. कसाऱ्याच्या घाटात वळणावर कपाटाचं दार उघडलं आणि एक स्टीलचं पातेलं माझ्या पायांपर्यंत घरंगळत आलं. ते मी मांडीवर घेतलं आणि इगतपुरी येईपर्यंत सोडलं नाही. घर चालतं तेव्हा त्यातली प्रत्येक वस्तू चालायला बघते. कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आईंची एकादशी होती. त्यांनी उकडलेलं रताळं आणि दाण्याचा लाडू खाल्ला. घोटीच्या पुढे गाडी थांबवून निनादने शेगडीवर चहा केला. पाठीमागे संडास असलेल्या त्या शेगडीवरचा चहा आई घेणार नाहीत असं वाटलं होतं. त्यांनी कप नाकाशी नेला, हुंगला आणि प्यायल्या.

पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकत होता. घरमालकीण पार्वताबाई अंगणात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, डोक्यावर पदर. त्यांचे यजमान धोंडूभाऊ मागे उभे राहून नुसते हसत होते. दिलीपभाऊंनी खाचराच्या कडेच्या सपाट जागेत गाडी लावली. मी उशा मांडल्या. वर निनाद, खाली आई, समोर मी. हात लांब केला तर दोघांना लागत होता. कित्येक दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

आई मात्र झोपायच्या जागेवर बसून खिडकीतून मावळतीकडे बघत होत्या. मग त्यांनी बोटाने हवेत काहीतरी मोजलं.

"वीणा, हयसर पाय खय जातत?"

मीही बघितलं. गाडीचं तोंड उत्तरेला होतं. उशा पुढच्या बाजूला, पाय मागे. म्हणजे पाय दक्षिणेला.

"उशी इकडे फिरव ना, आजी," निनाद म्हणाला.

"संडासाच्या भितीक डोक्या?"

ते खरंच होतं. पायाकडची भिंत संडासाची होती.

"तुम्ही झोपा," आई शांतपणे म्हणाल्या. "मी बसान रवतंय."

मी कधीच हे मानलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी आईंनी आमचा पलंग फिरवून घेतला तेव्हा मी आणि अविनाश दार लावून हसलो होतो. पण फेब्रुवारीत आमच्या हॉलमध्ये गादी काढून जमिनीवर चटई टाकली, आणि कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, पाय दक्षिणेला करा. मी तिथंच उभी होते. बाल्कनीच्या दाराकडे पाय केले. त्या दोन पावलांची दिशा आता माझ्याही अंगात बसली होती. निनादचे पाय त्या बाजूला जाणार हे डोळ्यांपुढे आलं आणि मी गाडीतून खाली उतरले.

"गाडी वळवून घ्या," मी दिलीपभाऊंना म्हटलं.

"मॅडम, आता? लेव्हल बघून लावलीय."

"वळवा. डोकं पूर्वेला आलं पाहिजे."

"ही गाडी आहे मॅडम, देव्हारा नाही." पण माझा चेहरा बघून ते स्टिअरिंगवर जाऊन बसले. निनाद मागची जागा दाखवायला खाली उतरला, आणि आईंजवळ बसलं पाहिजे म्हणून मी परत आत चढले.

गाडी मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. बाहेरून पार्वताबाई ओरडल्या, "आवो, तिकडं न्हाई, तिकडं पाट हाये!" आणि मागचं डावं चाक खचलं. खाचरातून पाणी काढून द्यायचा पाट होता तो. वरून वाळलेला दिसत होता, खाली चिखल. सगळं घर एका बाजूला झुकलं. कपाटं उघडली, भांडी माझ्या अंगावरून खिडकीवर गेली, फ्रीजचं दार फटकन उघडलं. आईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. गाडी अजून हळूहळू झुकतेच आहे असं वाटत होतं. मी सिलिंडरकडे बघत होते. मनात एकच आलं, हे मी केलं. मला हवं म्हणून हे दोघं इथं आहेत, आणि गाडी मी वळवायला लावली.

मग ती थांबली. निनादने बाहेरून वर आलेलं दार ओढलं आणि एकेकीला खाली घेतलं. कुणाला काही लागलं नव्हतं.

"वाट लागली," दिलीपभाऊ चाकाकडे बघत म्हणाले. मग आईंना म्हणाले, "घ्या काकी. आता पाय आकाशाकडे आले."

आई हसल्या. मला हसू आलं नाही.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी येणार होता. पार्वताबाईंनी काही न विचारता कॉटेज उघडून दिलं. आत दोन खोल्या, प्रत्येकीत एक लाकडी खाट. आईंनी दारात उभं राहून दिशा बघितली. पार्वताबाईंनी खाटेचं एक टोक उचललं, निनादने दुसरं, आणि खाट फिरवली. तेवढ्यात काम झालं. एवढी मोठी गाडी जे करता करता पाटात गेली, ते खाटेनं दोन पावलांत केलं.

आई आतल्या खोलीत, मी बाहेरच्या, निनाद पडवीत. मध्ये फळ्यांची भिंत, आणि दोन्ही खोल्यांची दारं एकाच अरुंद लाकडी बोळात उघडणारी. ती रात्र मुलुंडसारखीच गेली. तीनदा उठले. लाकडी जमीन पायाखाली करकरायची. दर वेळी आईंच्या दाराशी जाऊन उभी राहिले, आणि दर वेळी त्या झोपेत खोकल्या. हा त्यांचा जुना खोकला. मुलुंडलाही रोज ऐकायची. ऐकला की सुटल्यासारखं व्हायचं.

वाघबारस

आपण ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी इथं वाघबारस असते, हे मला पुस्तकात वाचूनही आठवलं नव्हतं. सकाळी पार्वताबाईंनी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. हुलगा आमच्या घरात कुळीथ म्हणून येतो, आईंच्या गावची पिठी त्याचीच. आईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "आमची पिठी पातळ. भातावर धावता. ही भाकरीवर बसान रवता." पार्वताबाईंना ती निंदा वाटली की स्तुती, कळलं नाही. त्यांनी आणखी एक डाव वाढला.

ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. दिलीपभाऊंनी ती या वेळी कडक जमिनीवर, आईंना विचारून विचारून, डोकं पूर्वेला येईल अशी लावली. "आता होकायंत्र आणा, एक बोट इकडंतिकडं निघालं तर पैसे परत," म्हणाले. गाडी सरळ होती, स्वच्छ होती, उशा पुन्हा हाताच्या अंतरावर.

"आई, आज कुठं झोपायचं?" निनादने विचारलं. तो चिखलाने भरलेले बूट दगडावर घासत होता, वर बघत नव्हता.

"गाडीत," मी म्हटलं.

"बरं."

तो बूट घासत राहिला. चिखल निघून गेला तरी घासत राहिला.

दुपारी पार्वताबाई आम्हाला बोलवायला आल्या. गावाच्या शिवेवर वाघोबाचं ठाणं आहे, तिथं नैवेद्य असतो, चला. आई म्हणाल्या, "आमका यंदा सण नाय. माझो झील गेलो."

पार्वताबाईंनी पदर सावरला. "आज्जी, ह्यो काय गोडधोडाचा सण न्हाई. वाघाचं भ्या हाये म्हणून जायाचं. भ्याला काय सुतक?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही गेलो.

ठाणं म्हणजे उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला, शेंदराने रेषा बुजलेल्या. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जंगल सुरू होतं. तिथंही बिबट्या येतो. तो आला की कॅमेऱ्यातलं चित्र सगळ्यांच्या फोनवर फिरतं, कुणीतरी वनखात्याला फोन करतं, कुत्र्यांना आत घेतात आणि आठ दिवस मुलांना खाली सोडत नाहीत. इथं त्याला खीर आणली होती. गावची गुरं राखणारी माणसं जमली होती. धोंडूभाऊ, जे दोन दिवसांत चार शब्द बोलले नव्हते, ते घोंगडी पांघरून वाघ झाले. दोन्ही हात टेकून दगडामागून आले आणि त्यांनी अशी काही डरकाळी फोडली, की मी मागे सरले आणि निनादचा हात धरला.

"आमच्या शिवारी येशील का?" सगळ्यांनी विचारलं.

"न्हाई, न्हाई!" वाघ म्हणाला.

"आमची गुरं धरशील का?"

"न्हाई, न्हाई!"

"तुला पेलती तरी का गाय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग त्यांनी वाघाला ओरडत, माती फेकत शिवेपलीकडे पळवून लावलं. धोंडूभाऊ घोंगडी सावरत खरंच पळाले. परत आले तेव्हा धापा टाकत होते. पार्वताबाईंनी त्यांना पाणी दिलं.

मी पार्वताबाईंना विचारलं, "मग येत नाही वाघ?"

"येतो की. गेल्या साली दोन शेळ्या नेल्या."

"तो येणार नाही म्हणाला होता ना?"

"म्हनला व्हता."

"मग विचारता कशाला दर वर्षी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी एखाद्या विद्यार्थ्याकडे बघते. "इचारलं म्हंजी झोप लागती, बाई. न्हाईतर साल कसं जायाचं?"

परत येताना आई बांधावर बसल्या. त्यांचे गुडघे दुखत होते. निनाद पुढे गेला होता. कापलेल्या भाताचा वास येत होता आणि ऊन उतरायला लागलं होतं.

"गो वीणा," आई म्हणाल्या. "तू रात्री माझ्या दारात येतंस."

मी बांधावरचं गवत उपटायला लागले.

"माका कळता. तुझी पावलां थांबली की मी खोकतंय."

"म्हणजे, आई?"

"म्हणजे काय? खोकलो नाय माका. तू ऐकूक येतंस, म्हणान खोकतंय. नायतर तू रातभर उभी रवशीत."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आठ महिने. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. प्रत्येक रात्री, प्रत्येक वेळी, माझ्या आधी त्या जाग्या होत्या.

"मग तुम्ही झोपता कधी?"

"तू गेल्यावर." त्यांनी पायावरची माती झटकली. "अविनाश माझो झील होतो गो. तुका एकटीक ऐकूक नाय इला असा वाटता तुका? भितीच्या पलीकडे मी होतंय. माकाय ऐकूक नाय इला."

हे मी आठ महिन्यांत एकदाही मनात आणलं नव्हतं. एका भिंतीच्या अंतरावर त्याची आई झोपली होती. मी माझा हात आणि माझी पाच पानं एवढंच धरून बसले होते.

मग आई म्हणाल्या, "नातवाक दावणीक बांधून ठेवचा काय आपण दोघांनी? बोल."

मी त्यांना उठायला हात दिला.

कॉटेज

ज्यांना पुढचं जाणून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. निनाद आता बंगळुरूला आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी, पार्वताबाईंच्या अंगणात जिथं उखळाशेजारी एका जागीच फोनला रेंज यायची, तिथं उभं राहून त्याने हो कळवलं. तिकडे डोसे स्वस्त आहेत आणि भात जाड आहे, असं तो म्हणतो. मी रोज फोन करते. रात्री करत नाही. करावासा वाटतो, पण करत नाही.

आणि कॅरॅव्हॅन की कॉटेज? ज्यांना सगळ्यांना एका हातावर ठेवायचं आहे, त्यांनी कॅरॅव्हॅन घ्यावी. जमीन आधी बघून घ्यावी. कॉटेजात खाट फिरवता येते, आणि दार लावता येतं. दार लावता येणं हा गुण की दोष, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला अजून नक्की सांगता येत नाही.

वाघबारशीच्या त्या संध्याकाळी मी गाडीतली माझी उशी काढून कॉटेजात नेली. निनाद बघत होता. आईंची उशी त्याने स्वतःच आणली. दिलीपभाऊंना राहवलं नाही. "काय मॅडम, एवढी सरळ लावली गाडी, आता मी एकटाच झोपू पूर्वेला डोकं करून?"

मी खोलीचं दार लावलं. कडी घातली. मुलुंडला आमच्या दारांना आतून कडी घालायची सोडूनच दिली आहे, म्हणून ती घालताना बोटांना ओळखीची वाटेना. दिवा मालवला. आणलेलं पुस्तक पिशवीतच होतं.

खूप भीती वाटली. इथं ती वाघासारखी डरकाळी फोडून येत नाही. शांततेतूनच येते. पडवीतून निनादची काही चाहूल नव्हती. फळ्यांच्या पलीकडे आईंची नव्हती. छपरावर काहीतरी चाललं, मग थांबलं. मी दोनदा उठून बसले. एकदा पाय जमिनीवर टेकवले, फळी करकरली, आणि मी पाय पुन्हा वर घेतले. आईंना खोकावं लागू नये, एवढाच विचार धरून पडून राहिले. त्या झोपल्या असतील तर झोपू देत. त्यांना काही झालं असेल तर, हाही विचार आला, आणि त्याच्याकडे बघत पडून राहिले. हात छातीवर ठेवला, तो मला माझाच वाटेना.

किती वेळ गेला माहीत नाही. मग आतल्या खोलीचं दार हळूच उघडलं. फळ्या करकरल्या. अनवाणी, जरा ओढत टाकलेली पावलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाची. ती माझ्या दारापाशी आली आणि थांबली.

मी श्वास रोखून ऐकत होते. पलीकडेही कुणी तेच करत होतं. मी आज उठले नव्हते. आठ महिन्यांत पहिल्यांदा आईंना माझी पावलं ऐकू आली नव्हती.

मी खोकले.

पावलं परत गेली.